विरजणातला घरजावई

लखनौतल्या मराठी माणसाला दोन गोष्टींचा अभिमान असतो. एक म्हणजे आपण इथले नाही, आणि दुसरी म्हणजे इथे आपलं उत्तम चाललंय. वर्षातून तीन-चार वेळा आम्ही एखादा हॉल घेतो, फेटे बांधतो, व्यासपीठावरून मराठी टिकवण्याच्या गोष्टी करतो, आणि मागच्या रांगेत आमचीच मुलं 'यार, अभी कितना टाइम और लगेगा' म्हणत मोबाइल बघत बसतात. मी या मंडळाचा वीस वर्षं सभासद आहे आणि वीस वर्षं मंडळाला नावं ठेवतोय. कार्यक्रम मात्र एकही चुकवलेला नाही.

मी दुधातल्या जिवाणूंचा माणूस. एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी करतो. दही, ताक, चीज ज्यांच्यामुळे होतं त्या जीवांना बारक्या नळ्यांत भरून गोठवून ठेवायचं, अधूनमधून त्यांना उठवून कामाला लावायचं आणि वर्षाअखेरीला त्यांच्यावर अहवाल लिहायचा, हे माझं काम. तो अहवाल कुणी वाचत नाही. मीही परत वाचत नाही. त्यामुळे माझ्या विद्वत्तेचा उजेड पाडायला हक्काची जागा एकच उरली होती, ती म्हणजे मंडळाचं पाडव्याचं श्रीखंड.

श्रीखंड ही आमच्या मंडळाची अब्रू आहे. पुऱ्या हलवायाकडून आलेल्या चालतात, भाजी भैया करून देतो, पण श्रीखंडाचा चक्का घरी लावलेल्या दह्याचाच हवा. हे दही लागायचं मानक नगरच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये. तिथे आमच्या महिला विभागाच्या सेक्रेटरीबाई राहतात, मुलगा आणि सुनेबरोबर. मुलगा रेल्वेत इंजिनियर आहे आणि घरात आईसमोर त्याचं इंजिन कधी सुरू झालेलं मी पाहिलं नाही. सून इथलीच, लखनौची मुलगी. प्रेमविवाह. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीत, आणि सासूबाई चार बायकांत तिची ओळख 'आमची हिंदी मीडियम' अशी करून देतात.

पूर्वी विरजण सेक्रेटरीबाईंचं असायचं. ते त्यांच्या सांगलीच्या माहेराहून आलेलं, तीन पिढ्या चालत आलेलं, असं त्या सांगत. सहा वर्षांपूर्वी मी त्या वाटीला सगळ्या बायकांसमोर सिंकचा रस्ता दाखवला. तुमच्या या वाटीत कोण कोण नांदतंय याचा तुम्हाला पत्ता तरी आहे का, असं मी विचारलं, आणि माझ्या प्रयोगशाळेतली शुद्ध वाणाची बरणी पुढे केली. एकच वाण, एकच चव, खात्रीचं दही. बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दही असं काही लागलं की सुरीने कापावं, आणि मग मीच मंडळाचा दह्याचा अधिकारी झालो. त्यांच्या वाटीत दहा-पंधरा जातींचा गोतावळा होता आणि तोच तिचा जीव होता. एकाला काही झालं तर दुसरा काम उचलतो. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. मलाही माहीत होती, पण सिंकपाशी उभं राहून शहाणपणा मिरवताना ती आठवणं सोयीचं नव्हतं.

गेल्या पाडव्याला मला आणखी एक अवदसा आठवली. माझ्या संग्रहात सुवासाचा एक वाण होता. तो दूध घट्ट करायला फार मंद, पण लोण्यासारखा वास सोडतो. पहिल्या वाणाने दही लावावं आणि दुसऱ्याने त्याला वास द्यावा, असा बेत मी आखला. दोघांना वेगवेगळं लावून पाहिलं, दोघंही उत्तम वागले. एकत्र लावून पाहिलं नाही. वीस वर्षं या धंद्यात असलेला माणूस दोन जिवाणू न तपासता एका पातेल्यात सोडतो, याला निष्काळजीपणा म्हणणं म्हणजे माझी भलामण करणं आहे. तो माज होता.

आदल्या दिवशी दोन्ही बरण्या स्कूटरच्या डिकीत टाकून मी भर दुपारी मानक नगरला गेलो. तीन मोठी पातेली दूध तापवून कोमट केलेलं होतं. बरण्या मी सुनेच्या हातात दिल्या, कारण सेक्रेटरीबाई फोनवर कुणालातरी हार कुठे मिळतील ते सांगत होत्या. सुनेने विरजण घातलं, ढवळलं, पातेली पंच्यांनी झाकली. मी खुर्चीवर बसून तिला कसं ढवळायचं त्याच्या सूचना देत होतो. ढवळणं तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

सकाळी साडेसातला फोन आला. तिन्ही पातेल्यांत दुधाचं पाणी. जरा आंबूस, जरा वास असलेलं, पण पातळ. चक्का टांगायला गेलं तर सगळं पंच्यातून खाली उतरलं. त्या दिवशी आमच्या मंडळाने पुरीबरोबर हज़रतगंजहून आणलेली मलाई गिलौरी, म्हणजे सायीच्या विड्यांची मिठाई, खाल्ली, आणि ती श्रीखंडाच्या शंभरपट चांगली होती. पण पंक्तीत सुतकी तोंडं करून बसायचं असं जणू ठरलंच होतं.

मग तपास सुरू झाला, आणि आमच्या लोकांचा तपास म्हणजे काय विचारता. दूध नेहमीच्या गवळ्याचं. पातेली कडकडीत पाण्याने धुतलेली. विरजण तर काय, साक्षात डॉक्टरसाहेबांचं, म्हणजे माझं. राहिला कोण? हॉलच्या मागच्या खोलीत, ताटं पुसता पुसता, एका बाईंनी सुनेला सरळ विचारलं की तुझा कितवा दिवस. मी दाराशी उभा होतो. सून म्हणाली, तिसरा. काल दुसरा होता. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काम करायला दुसरं कुणीच नव्हतं.

पुढे काय झालं असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या बाया मुलींना इंजिनियर करतात, मेट्रोत बसून ऑनलाइन मीटिंगा घेतात, त्यांच्या तोंडून विटाळ हा शब्द निघाला आणि एकीलाही लाज वाटली नाही. सेक्रेटरीबाईंनी तिथेच सांगून टाकलं की आजपासून दही, लोणचं आणि देवाचं ताट यांना हिने हात लावायचा नाही. तिचा नवरा दाराबाहेर चपला शोधत होता. त्या चपला त्याला बराच वेळ सापडल्या नाहीत.

मी फार संतापलो. या अडाणी कळपाला एकदा विज्ञानाने झोडपून काढायचं, असं ठरवून मी पातळ दुधाची एक बाटली भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो.

तपासणी सोपी असते. दूध बारीक गाळणीतून गाळायचं, इतक्या बारीक की जिवाणू वर अडकावेत. खाली जे पाणी येतं त्यात जिवाणू नसतो, पण त्याला खाणारा असेल तर तो उतरतो. मग काचेच्या ताटलीत दही लावणाऱ्या वाणाची दाट साय वाढवायची आणि तिच्यावर त्या पाण्याचा थेंब टाकायचा. दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी सायीत स्वच्छ, गोल भोक पडलं होतं. म्हणजे दुधात विषाणू होता. आपल्याला होतात तसला नव्हे. जिवाणूंना लागणारा, त्यांच्याशिवाय कुणाच्या वाटेला न जाणारा.

हा विषाणू जिवाणूच्या अंगावर बसतो आणि आपला डीएनएचा धागा आत सोडतो. त्यानंतर तो जिवाणू स्वतःचा राहत नाही. त्याचं खाणं, वाढणं, दूध आंबट करणं, सगळं बंद. त्याची सगळी यंत्रं तीच, पण आता ती विषाणूचे भाग बनवायला लागतात. तासाभरात आत शंभरेक नवे विषाणू तयार होतात, भिंत विरघळते, आणि ते शेजाऱ्यांवर तुटून पडतात. शेजारी सगळे एकाच वाणाचे असले, जसे माझ्या शुद्ध बरणीत होते, तर संध्याकाळी भरलेलं पातेलं सकाळपर्यंत रिकामं होतं.

हा आला कुठून, हे शोधायला मला आणखी दोन दिवस लागले. खरं तर एकच पुरला असता, पण आधी मी गवळ्याचं दूध तपासलं, नळाचं पाणी तपासलं, पातेल्याचा कान तपासला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण शास्त्रज्ञांना सोडून केलेली नाही. शेवटी माझ्या सुवासाच्या वाणाची नळी उघडली, तिचं पाणी गाळलं, दह्याच्या वाणावर थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी तसंच भोक, पहिल्यापेक्षा स्वच्छ.

काही विषाणू आत शिरल्यावर लगेच मारत नाहीत. ते आपला धागा जिवाणूच्या धाग्यात शिवून टाकतात आणि गप्प राहतात. जिवाणू खातो, पितो, वाढतो, त्याच्या पोरांत तो विषाणू वारशाने जातो. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण जिवाणू बदललेला असतो. आतला विषाणू एक असा पदार्थ बनवत ठेवतो की त्याच्या जातीचा दुसरा विषाणू बाहेरून आला तर त्याची डाळ शिजत नाही. म्हणून माझा सुवासाचा वाण स्वतः ठणठणीत होता. त्यातला हजारांत एखादा मात्र मधूनच फुटतो, आणि ऊन लागलं, ताण बसला, की जास्त फुटतात. फुटले की विषाणू बाहेर. माझ्या वाणाला त्याचं काहीच नाही, शेजारच्याचा निर्वंश. स्कूटरच्या डिकीतून मी हेच घेऊन गेलो होतो.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते आणि माझ्यावर विश्वास ठेवण्याची तिची एक जुनी सवय आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही हे मंडळात सांगणार आहात ना?"

सांगणार म्हणजे काय, मी म्हटलं, व्याख्यानच देतो.

पंधरा दिवसांनी मंडळाची बैठक होती. मी पडदा, प्रोजेक्टर, ताटल्यांचे फोटो, सगळ्या सरंजामानिशी गेलो. सून मागच्या रांगेत बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार की आज काका सगळं स्पष्ट करणार आहेत, कारण ती पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती. मी सुरुवातीलाच विटाळावर चार तोफा डागल्या. मासिक पाळीने दूध नासतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या डिग्र्या परत कराव्यात, असंही म्हणालो. कुणी हसलं नाही. मग विषाणूचं सांगितलं. गप्प राहून आत मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूला मी घरजावई म्हटलं, जो सासरी बसून खातो आणि दुसऱ्या जावयाला उंबरा ओलांडू देत नाही. यावर मात्र सगळे खळखळून हसले. माझ्या तासाभराच्या भाषणातलं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

हशा ओसरल्यावर सेक्रेटरीबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी अगदी विद्यार्थिनीसारखं विचारलं, "पण डॉक्टर, तो आला कुठून?"

पुढचा फोटो माझ्या सुवासाच्या वाणाचाच होता. बोट बटणावर होतं. समोर ती बाई, जिची तीन पिढ्यांची वाटी मी सगळ्यांदेखत ओतून दिली होती. बाजूला बँकेतले, रेल्वेतले, सचिवालयातले ते सगळे, ज्यांना मी सहा वर्षं दह्यावरून अक्कल शिकवली होती. माझीच नळी, माझाच विषाणू, एवढे चार शब्द होते. नोकरी जाणार नव्हती, तुरुंग होणार नव्हता. फार तर पुढच्या पाडव्यापर्यंत लोक हसले असते. तेवढंही मला झेपलं नाही.

मी म्हणालो, "ते सांगता येत नाही. हे कुठूनही येतात. हवा, पाणी, भांडी, हात."

हात हा शब्द मी शेवटी उच्चारला, आणि तो कुठे जाऊन बसला ते मला तिथेच दिसलं. दहा-बारा माना मागच्या रांगेकडे वळल्या. प्रोजेक्टर बंद करून मी चहा घेतला.

बायकोही त्या बैठकीला होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी दही लागायचं बंद झालं. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून मातीच्या कुल्हडमधलं दही आणते आणि माझ्या ताटासमोर ठेवते. मी खातो.

महिनाभरात बातम्या यायला लागल्या. मानक नगरच्या घरात सुनेचा पाण्याचा माठ वेगळा केला. तिचा टॉवेल वेगळा. मंडळाच्या स्वयंपाकाला तिला कुणी बोलवेना, आणि आता कारण विचारलं तर कुणी विटाळ म्हणत नसे. विटाळ कसला हो, आम्ही काय तसले मागासलेले आहोत का, असं म्हणत. डॉक्टरांनीच सांगितलंय, हातावर व्हायरस असतात काहींच्या. माझी तोफ त्यांनी उचलून नेली होती आणि तिचं तोंड हव्या त्या दिशेला फिरवलं होतं. आणि दारूगोळा मी स्वतः पोचवला होता, तो वेगळाच.

एके दिवशी ती माझ्या संस्थेत आली. सासूबाईंनी पाठवलंय म्हणाली. हात तपासून लेखी द्यायचं, म्हणजे घरातला वाद मिटेल. माझ्या टेबलासमोर बसून तिने बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि दोन्ही तळवे वर करून पुढे ठेवले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. गोठवणीचं कपाट तिच्या पाठीमागे चार हातांवर होतं आणि आरोपी त्याच्या दुसऱ्या कप्प्यात होता.

मी कापसाची काडी ओली करून तिच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरवली. दहाही नखांखालून फिरवली. नीट, पद्धतशीर, प्रत्येक हाताची वेगळी नळी, वर तारीख. दोन दिवसांनी ताटलीत एकही भोक नव्हतं, आणि ते नसणार हे मला काडी फिरवतानाच माहीत होतं. मी साध्या कागदावर प्रमाणपत्र टाइप केलं. अमुक तारखेला घेतलेल्या नमुन्यात दोन्ही हातांवर असा विषाणू आढळला नाही. खाली सही ठोकली. त्या कागदावरचं अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि इतका हलकट कागद मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

सेक्रेटरीबाईंनी तो लॅमिनेट करून फ्रिजच्या दाराला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. सुनेने तीन-चार महिने दही लावलं, ते उत्तम लागलं. मला वाटलं, सुटलो. माझ्यासारख्या माणसाला सुटलो असं फार लवकर वाटतं.

दसऱ्याच्या आधी बाईंचा फोन आला. मंडळाचं श्रीखंड करायचंय, सुनेला मदतीला घ्यायचंय, पण कागदावर तारीख जुनी आहे. मध्ये ती माहेरी जाऊन आली, बाजारात जाते, काय काय हाताला लागत असेल. तेव्हा हात परत एकदा बघाल का? आणि हे साधारण किती दिवसांनी करत राहावं लागतं?

मी म्हटलं, पाठवा.

ती दुसऱ्या दिवशी आली. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली होती. बाह्या वर करून, तळवे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "पहले चार दिन की बात थी, काकाजी. अब तीसों दिन की है।" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मला माहिती असावी म्हणून सांगितल्यासारखं सांगितलं.

मी "अच्छा" म्हणालो, आणि कापसाची काडी ओली केली.